सखाराम अर्जुन यांच्या वाट्याला अर्धं वाक्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत औषधी वनस्पतींचे अभ्यासक विल्यम डायमॉकसाहेब यांच्यावर पानभर लेख वाचला. डायमॉक मोठा माणूस, त्यात वाद नाही. मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळता सांभाळता वॉर्डन आणि हूपर यांना हाताशी धरून 1890 ते 1893 या काळात हिंदुस्थानातल्या वनस्पतिजन्य औषधांवरच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'चे तीन खंड काढणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण एवढ्या पानभर मजकुरात डॉ. सखाराम अर्जुन यांच्या वाट्याला काय आलं? अर्धं वाक्य. आणि त्यातही ते कोण, तर 'रखमाबाईंचे सावत्र वडील'!

बालपणी लावून दिलेलं लग्न नाकारून पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंविषयी मला आदरच आहे, आणि हे गृहस्थ लेकीच्या पाठीशी उभे राहिले हेही सांगायलाच हवं. पण लेख औषधी वनस्पतींवर होता ना? मग ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या, साहेबांचे खंड निघण्याच्या दहा-अकरा वर्षं आधी, 1879 मध्ये मुंबईच्या औषधांची सूची छापणाऱ्या डॉक्टरची ओळख नात्यावरून कशाला? जॉर्ज वॉट यांनी हिंदुस्थानातल्या व्यापारी जिनसांचा जो अवाढव्य कोश केला तो उघडून बघा. औषधांच्या नोंदींत 'एस. अर्जुन, बॉम्बे ड्रग्ज' आणि पुढे पानाचा आकडा, हा हवाला पुन्हा पुन्हा येतो. साहेबाला लाज वाटली नाही, आपल्याला जागा पुरली नाही. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्या आठ जणांत एतद्देशीय दोघेच होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि हेच सखाराम अर्जुन. तेही गाळलंत. पुढच्या दोन वर्षांत, 1885 मध्ये, ते गेले. डायमॉकचे खंड त्यांना बघायला मिळाले नाहीत.

असल्या सूचीचं मोल काय, ते ज्याच्या हातात भलतंच औषध पडलं त्याला विचारा. गेल्या पावसाळ्यात माझं पोट बिघडलं. आमच्या वैद्यबुवांनी इंद्रजव, म्हणजे पांढऱ्या कुड्याच्या झाडाचं बी, आणायला सांगितले. काष्ठौषधींच्या दुकानातून पुडी आणली, घरी सोडली आणि सवयीने एक दाणा चावून पाहिला. कडूपणाचा पत्ताच नाही! पांढऱ्या कुड्याचं बी जिभेवर टेकलं तरी तोंड कडूजहर होतं. हे होते काळ्या कुड्याचे. झाडावर ओळखायला अडचण नाही, काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. पण पुडीत शेंग कुठून येणार? तसाच परत गेलो. मालक म्हणाले, "काका, हे गोडे इंद्रजव, भारीतला माल. कडू आता कोण खातं?" मी म्हटलं, अहो, कडू आहेत म्हणूनच घ्यायचे असतात. तर म्हणे, पैसे परत मिळत नाहीत, बदल्यात ओवा घेऊन जा.

ओवा आणला. काय करणार?

सालीच्या बाबतीतही हाच घोळ. काळ्याची साल पांढऱ्याच्या नावावर खपवल्यामुळे आमांशावरचं इतकं चांगलं औषध बदनाम झालं, असं एकोणिसाव्या शतकातले औषधग्रंथच सांगतात. आणि आपल्या त्याच पुरवणीत, लेखाच्या मागच्याच पानावर, 'घरगुती उपाय' सदरात छापलंय: 'जुलाबावर कुड्याची साल उगाळून द्यावी.' कुठला कुडा? किती साल? लहान मुलाला द्यायची की नाही? 2021 मध्ये गुळवेलीने यकृताला इजा होते अशी एवढी बोंब झाली, तेव्हा आयुष मंत्रालयानेच खुलासा केला होता की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल चुकून घेतली जाऊ शकते. त्यानंतरही तुमचं सदर आपलं 'उगाळून द्यावी'!

पुढच्या रविवारी पानभर नको, दोन रकाने सखाराम अर्जुन यांना द्या. त्यांनी मराठीतही वैद्यकावर लिहिलेलं आहे, तेव्हा इंग्रजीचा अडसर आहे असं लेखकमहाशयांना म्हणता येणार नाही.

जाता जाता एक. मागे मी याच विषयावर पत्र पाठवलं होतं. ते आपण छापलंत, आभारी आहे. पण त्यात 'पांढऱ्या कुड्याची साल'चं 'पांढऱ्या कड्याची साल' झालं होतं आणि गल्लीतल्या लोकांनी मला आठवडाभर विचारलं की हा कडा सह्याद्रीत नेमका कुठे आहे. या पत्राचं मुद्रितशोधन कृपया कुणीतरी जागेपणी करावं.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली