शिक्षा सुनावण्याआधी मुलांची चौकशी : न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांना आभारपत्र

आदरणीय न्यायमूर्ती सॅक्स,
स. न. वि. वि.

आपली ओळख करून देणारे बहुधा ७ एप्रिल १९८८ पाशीच अडतात: वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यामुळे मोझांबिकच्या मापुतोत गाडीत फुटलेला बॉम्ब, गेलेला उजवा हात, एका डोळ्याची गेलेली दृष्टी. एकांत कोठडी, परदेशातली वर्षं, ससेक्सची डॉक्टरेट, साउदॅम्प्टन व मापुतोतलं अध्यापन, मग १९९४ ते २००९ दक्षिण आफ्रिकेचं संविधान न्यायालय. फौजदारी वकिली करणारे आम्ही मात्र आभार मानतो ते २६ सप्टेंबर २००७ च्या ‘राज्य विरुद्ध एम.’ या निकालाबद्दल.

एम. म्हणजे एकटीने तीन मुलं सांभाळणारी आई, क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीत दोषी, चार वर्षांची कैद. अशा वेळी वकील सवयीने म्हणतो, ‘आरोपीला लहान मुलं आहेत, दया व्हावी.’ वाक्य नोंदलं जातं आणि तिथेच विरतं, कारण मुलं कुणापाशी राहतील, त्यांना शाळेत कोण पाठवेल, हे कागदावर आलेलंच नसतं. आपण ही चौकशी न्यायालयाचंच कर्तव्य ठरवली.

परिच्छेद ३६ आम्ही पुनःपुन्हा उघडतो. आरोपी हीच मुलांना खाऊ घालणारी, शाळेत धाडणारी मुख्य व्यक्ती आहे का, हे आधी शोधायचं. मग कैदेचा मुलांवर काय परिणाम होईल ते पाहायचं. गुन्हा, गुन्हेगार आणि समाजाचं हित या जुन्या त्रिसूत्रीने कैद अटळच ठरली, तर मुलांची सोय लावण्याचा विचार करायचा. कैदेशिवायची शिक्षा पुरेशी असली, तरी ती ठरवतानाही मुलं नजरेआड करायची नाहीत. आणि एकाहून अधिक शिक्षा योग्य वाटत असतील, तर मुलांच्या हिताला निवडीत मोठं वजन द्यायचं. एम. यांनी तीन महिने भोगले होते. उरलेले ४५ महिने अटींवर स्थगित झाले, फसवलेल्यांचे पैसे परत करायचे आणि आठवड्याला १० तास समाजसेवा.

काहीजण याला मातांसाठीची सरसकट सूट समजतात, आणि युक्तिवाद तिथेच फसतो. २०११ च्या ‘राज्य विरुद्ध एस.’ मध्ये मुलं सांभाळायला आरोपी आईचा नवरा घरी होता, म्हणून त्याच न्यायालयाने कैद कायम ठेवली.

हा निकाल भारतात बंधनकारक नाही. पण १९५८ च्या परिविक्षा (कैदेऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या) कायद्याखाली अर्ज करताना काय जोडावं, हे त्यातून नेमकं कळतं: शाळेचा दाखला, घरात दुसरं कुणी सांभाळणारं आहे का याचं प्रतिज्ञापत्र, परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाची मागणी. ही मागणी शिक्षेच्या दिवशी नव्हे, दोषसिद्धी होताच करावी. नाहीतर अहवालाला वेळच उरत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ शहराचा २००४ चा निकालही आपल्याच हातचा: २९ झोपड्या, ६८ माणसं, त्यांत २३ मुलं, आणि त्यांच्याशी मनापासून बोलणी केल्याशिवाय हुसकावण्याचा हुकूम नाही. मुंबईच्या पदपथवासीयांचा १९८५ चा निकाल, ज्यात उपजीविकेचा हक्क मान्य झाला पण हुसकावणं थांबलं नाही, तो शिकलेल्या आम्हाला आपला निकाल वाचताना हेवा वाटतो.

मनःपूर्वक आभार.

आपले,
महाराष्ट्रातले काही फौजदारी वकील