फुरशाचे विष आणि प्लॅस्टिकची प्रतिपिंडे

महोदय,

भातकापणी सुरू झाली की कोकणात फुरसे हा विषारी साप चावल्याच्या बातम्या येतात आणि चर्चा सर्पदंशावरच्या लशीच्या (प्रतिविषाच्या) साठ्यापाशीच थांबते. रेणूचा ठसा घेतलेल्या बहुवारिकांकडे (पॉलिमरकडे) मात्र कुणाचे लक्ष जात नाही. शरीरातली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) जसा ठरावीक रेणू पकडतात तसाच तीही पकडतात, म्हणून त्यांना प्लॅस्टिकची प्रतिपिंडे म्हणतात.

मिथॅक्रिलिक आम्लासारख्या द्रव्यात हवा तो रेणू मिसळायचा, त्याच्याभोवती बहुवारिक घट्ट होऊ द्यायचे आणि मग रेणू धुऊन काढायचा. उरतो तो नेमका त्याच्या मापाचा खळगा, त्याला धरून ठेवणाऱ्या रासायनिक ओढीसकट. १९९३ मध्ये स्वीडनच्या मोसबाख यांच्या गटाने अशा बहुवारिकाने रक्तातले थिओफिलिन हे दम्याचे औषध मोजले. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात अशाच नॅनोकणांनी जिवंत उंदरांच्या रक्तातले मेलिटिन, म्हणजे मधमाशीच्या विषातला मुख्य घटक, पकडले आणि मरणारे काही उंदीर वाचले. हे वाचून मी थक्क झालो.

मेलिटिन अवघ्या २६ अमिनो आम्लांचे. फुरशाचे विष म्हणजे अनेक प्रथिनांचे मिश्रण. तेव्हा दंश झाल्यास आजही घोड्याच्या रक्तापासून केलेली लस हाच उपाय, आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालय गाठायचे. पण ही बहुवारिके उकाड्यात, फ्रीजशिवायही टिकतात. वीज वारंवार जाणाऱ्या आमच्या वाड्यांसाठी ही मोठीच गोष्ट आहे. विष ओळखणारी चाचणी त्यांतून घडू शकेल. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभागांनी हे काम हाती घ्यावे आणि शासनाने त्यासाठी निधी द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)