सांध्यांवर डांबर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की शहरातल्या उड्डाणपुलांवर डांबराचा नवा थर चढतो आणि त्याखाली एक्स्पान्शन जॉइंटही (उन्हा-थंडीत पुलाची लांबी कमी-जास्त होते, त्यासाठी ठेवलेल्या फटींवरचे सांधे) सरसकट गाडले जातात. चार दिवस गाडी आदळत नाही म्हणून सगळे खूश!

काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०१२ मिमी वाढते. नागपुरात जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पुलाच्या तापमानात ३५ अंशांचा फरक धरला, तर ४० मीटरच्या गाळ्याची (दोन खांबांमधल्या भागाची) हालचाल १७ मिमी होते. तीन गाळे मध्ये जॉइंट न ठेवता सलग जोडलेले असतील तर ५० मिमी. एवढी ओढाताण साध्या डांबराला झेपत नाही. बरोबर फटीवर चीर पडते, मग चाकांबरोबर ढेपा निघतात आणि खडी फटीत जाऊन बसते. गाळ्याला प्रसरण पावायला जागा उरत नाही. पाणी झिरपते ते थेट पिअर कॅपवर (खांबाच्या माथ्यावर), बेअरिंगवर (गाळा ज्यावर टेकतो त्या आधारावर) आणि गर्डरच्या म्हणजे पुलाच्या तुळईच्या टोकाशी, जिथे प्रीस्ट्रेसिंग केबलचे (तुळईत ताणून बसवलेल्या पोलादी तारांचे) अँकर असतात. पुढे बेअरिंग बदलायचे तर अख्खा गाळा जॅकवर उचलावा लागतो.

डांबरी जॉइंट हा प्रकार आहे, नाही असे नाही. पण त्याला पॉलिमरयुक्त खास बाइंडर (खडी धरून ठेवणारे डांबर), तापवलेली खडी आणि फटीवर धातूची पट्टी लागते, आणि तोही जेमतेम २५ मिमीपर्यंतच चालतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फटीच्या दोन्ही कडांना पोलादी एज बीम आणि मध्ये निओप्रीनची म्हणजे रबराची पट्टी असा स्ट्रिप सील असतो. तो ८० मिमीपर्यंतची हालचाल घेतो, पण बसवताना घाई नडते. जुने काँक्रीट फोडताना आतल्या सळ्या कापल्या, तर एज बीमला पकडणारे अँकर वेल्ड कोणत्या सळ्यांना करणार? फट ठेवायची ती त्या वेळच्या पुलाच्या तापमानाचा हिशेब करून. दोन्ही बाजूंचे अँकर पक्के झाले की दोन्ही बीम जागेवर धरणारे तात्पुरते क्लॅम्प लगेच काढायचे. राहिले तर ऊन चढताच पूल सरकतो आणि ओले काँक्रीट सोबत ओढतो. सर्वांत जास्त दगा एज बीमच्या खाली होतो. तिथे व्हायब्रेटर नीट पोचत नाही, पोकळी राहते, ट्रकच्या चाकाखाली बीम डुलतो आणि वेल्ड तुटतात. हातोडीने ठोकल्यावर ‘बद्द’ आवाज आला तर खाली पोकळी आहे असे समजावे.

वाहतुकीसाठी एकेक लेन करून काम केले तरी रबरी पट्टी शेवटी, कठड्यापासून कठड्यापर्यंत अखंड एकाच तुकड्यात घालावी. लेनगणिक तुकडे जोडले की गळती ठरलेलीच.

तेव्हा डांबरीकरणाच्या निविदेतच लिहावे: जुना थर आधी मिलिंगने (यंत्राने खरवडून) काढायचा, नवा थर एज बीमशी लेव्हलला आणायचा आणि जॉइंटमधली माती-खडी पावसाआधी साफ करायची. बिल मंजूर करण्यापूर्वी जॉइंटवर काही तास पाणी तुंबवून खालून पिअर कॅप पाहावी. ओल दिसली तर बिल थांबवावे.

– एक स्थापत्य अभियंता, नागपूर