प्रोस्टेट तपासणीसाठी ज्येष्ठ नागरिक संघाचे आवाहन

सर्व ग्रामस्थांना सप्रेम नमस्कार.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी छोटी ग्रंथी. तिच्या कर्करोगाबद्दल जागृतीचा महिना म्हणून सप्टेंबर पाळला जातो. त्या निमित्ताने संघाने गावातल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांची तपासणी ठरवली आहे. त्यासाठी तुमच्याकडे पैसे, वेळ आणि थोडं धाडस मागतो आहोत.

धाडस अशासाठी, की या दुखण्यावर कुणी तोंडच उघडत नाही. एसटी स्टँडच्या मुतारीत भिंतीला हात टेकून, धार सुरू व्हायची वाट बघत उभी राहिलेली म्हातारी माणसं आपण रोज पाहतो. पंढरपूरला निघायचं तर सकाळपासून पाण्याचा घोट न घेणारे आपल्याच घरात आहेत. ‘वय झालं, व्हायचंच’ म्हणून विषय मिटवतात. बहुतेकांचा हा त्रास वयोमानाने ग्रंथी वाढल्यामुळेच असतो आणि औषधाने त्याला आराम पडतो. तो तरी विनाकारण का सोसायचा?

कर्करोग मात्र सुरुवातीला बहुधा काहीच जाणवू देत नाही. आपले एक सभासद कित्येक महिने कंबर दुखते म्हणून तेल चोळत, पट्टा बांधत राहिले. रोग प्रोस्टेटमधून मणक्यात पोचला होता. ग्रंथीपुरता असताना सापडला तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने तो बहुतेकदा बरा होतो. हाडांत गेल्यावर आटोक्यात ठेवता येतो, पण समूळ जाणं फार अवघड.

तपासणी रक्ताची आहे, पीएसए नावाची. प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण तिच्यात मोजतात. उपाशीपोटी यायची गरज नाही. आधीचे दोन दिवस लांबवर सायकल चालवू नका, शरीरसंबंध टाळा. लघवीला जळजळ असेल तर आधी तिच्यावर उपचार घ्या. प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणाच, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो आणि रोग नजरेतून सुटू शकतो. साधारणपणे ४ च्या वरचा आकडा वाढीव धरतात. पण आकडा वाढला म्हणजे कर्करोग झाला असं मुळीच नाही. नुसत्या वाढलेल्या ग्रंथीने किंवा जंतुसंसर्गानेही तो वाढतो.

वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल तर ४५व्या वर्षापासूनच डॉक्टरांशी बोला. सत्तरीपुढे मात्र सरसकट तपासणी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की त्यांच्यावर नुसती नजर ठेवणं पुरतं, आणि उपचारांनी लघवीवरचा ताबा जाण्यासारखे त्रास मागे लागू शकतात. म्हणून रक्त देण्याआधी प्रत्येकाशी डॉक्टर स्वतंत्र बोलतील, पडद्याआड.

आता पैशांचं. रक्त घ्यायचं, फोटो काढायचे आणि बॅनर उतरवून मोकळं व्हायचं, असं शिबिर आम्हाला करायचं नाही. खरा खर्च पुढे असतो: आकडा वाढलेल्यांची फेरतपासणी, एमआरआय, गरज पडली तर तुकडा काढून तपासणं, त्यासाठी बार्शीच्या किंवा सोलापूरच्या फेऱ्या. उपचारांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. पण निदान होईपर्यंतचा पैसा बऱ्याचदा खिशातूनच जातो, आणि मजुरी बुडवून जाणारा माणूस तिथेच मागे फिरतो. जमा होणाऱ्या निधीतला निम्म्याहून अधिक भाग या दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवू.

एका माणसाच्या रक्ततपासणीचा भार उचललात तरी मोलाचं आहे. पुण्या-मुंबईला नोकरीत असलेल्या मुलांनी आपल्या वडिलांचा तर द्यावाच, शेजारच्या एखाद्या काकांचाही द्यावा. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी महिन्यातली एक फेरी द्यावी. निवृत्त परिचारिका, औषध दुकानदार, कागदपत्रं भरून देणारी कॉलेजची मुलं, सगळ्यांची गरज आहे.

आणि घरातल्या बायकांना विनंती: तुमचा शब्द ते ऐकतात. नाव तुम्हीच येऊन नोंदवा.

नावनोंदणी आणि देणगी संघाच्या कार्यालयात, रोज संध्याकाळी ५ ते ७. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि जमाखर्च कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावला जाईल. तपासणीचा निकाल मात्र ज्याचा त्यालाच, बंद पाकिटात.