जेट्टीवर होड्यांचा मैला उपसायची सोय हवी

महोदय,

बेलापूर-नेरूळच्या जेट्ट्या आणि जलवाहतुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात मी रोज शोधून वाचतो. मी दिवाळे गावचा, कोळ्याच्या घरातला. २८ वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये फिटर होतो. या बातम्यांत तिकीटघर, वाहनतळ, प्रतीक्षागृह सगळं असतं. होड्यांच्या संडासाचा मैला कुठे उपसायचा, हे मात्र मी अजून कुठे वाचलेलं नाही. त्याबद्दल लिहितो आहे.

गेल्या ऑक्टोबरात वाशीच्या एका डॉक्टरांनी मला त्यांच्या बत्तीस फुटी शिडाच्या होडीवर नेलं. पावसाळाभर ती किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होती. पाण्यात उतरवल्यापासून केबिनमध्ये सडक्या अंड्यांचा वास, संडासाच्या पंपाचा दांडा दोन्ही हातांनी रेटावा लागे, आणि पुढे ढकललेलं पाणी थोड्या वेळाने भांड्यात परत येई. डॉक्टरांनी तोवर सुगंधी औषधाच्या तीन बाटल्या टाकीत ओतल्या होत्या. उपयोग शून्य.

अशा होडीत हातपंपाने समुद्राचं पाणी भांड्यात ओढायचं आणि त्याच पंपाने मैला टाकीत ढकलायचा. ही टाकी पंचेचाळीस लिटरची, बिछान्याखाली बसवलेली. तिला तीन तोंडं: एकातून मैला येतो, दुसऱ्यातून तो डेकवरून उपसता येतो, आणि तिसरी हवेची बारीक नळी. या तिसरीकडे कुणाचं लक्ष नसतं.

मी आधी फडकं गरम पाण्यात पिळून मैल्याच्या नळीवर गुंडाळलं आणि गार झाल्यावर हुंगलं. फडक्याला वास लागला असता, तर नळीतच मैला मुरलाय, ती बदला, असं सांगितलं असतं. फडक्याला वास नव्हता. मग हवेच्या नळीचं बाहेरचं तोंड शोधलं. होडीच्या कुशीला, करंगळी जेमतेम शिरेल एवढं भोक, आणि ते मातीने लिंपलेलं. कुंभारीण माशीचं घर. स्क्रू-ड्रायव्हरने टोकरलं तर आधी सुकी माती निघाली, मग वाळलेल्या बारीक अळ्या.

हवा कोंडली की टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. प्रमाण वाढलं की हा वायू आधी नाक बधिर करतो आणि मग माणूस मारतो. सेप्टिक टँकमध्ये उतरलेल्या कामगारांचे जीव घेतो तो हाच. म्हणून मी आधी सगळी झाकणं, खिडक्या उघडायला लावल्या. डेकवरचं बूच फडक्यात धरून अर्धा आटा फिरवला आणि थांबलो. मिनिटभर फुसफुस चालली होती. दांडा जड झाला होता तो या कोंडलेल्या हवेमुळेच.

टाकी रिकामी केल्याशिवाय पुढचं काम होणार नव्हतं. जेट्टीवरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘बाहेर नेऊन सोडा ना काका, सगळे तेच करतात.’ दुसऱ्या जेट्टीवर चौकशी केली, तिथेही सोय नाही. शेवटी ओळखीच्या मैला टँकरवाल्याला विनवून रस्त्यावर उभं केलं. हातपंपाने वीस लिटरच्या कॅनमध्ये मैला उपसला आणि झाकणं घट्ट लावून ते कॅन आम्ही दोघांनी टँकरपर्यंत वाहिले. डॉक्टर एकसष्ट वर्षांचे, मी सदुसष्ट.

भांड्यात पाणी परत येण्याचं कारण पंपाच्या पुढे सापडलं. तिथे रबराची एक चोच असते, जोकर व्हॉल्व्ह म्हणतात तिला. मैला पुढे गेला की ती मिटते. तिच्या ओठांवर पांढरा दगड चढला होता, त्यामुळे ती मिटतच नव्हती. लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की असा थर धरतो. ३८ मिलिमीटरची नळी आतून अंगठ्याएवढी उरली होती. ती काढून धक्क्याच्या कठड्यावर आपटली, तशा अंड्याच्या टरफलासारख्या खपल्या पडल्या. त्याही गोळा करून कॅनमध्येच टाकल्या. चोच नवी घातली, पिस्टनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं. अधूनमधून रात्रभर व्हिनेगर ठेवलं तर थर आटोक्यात राहतो. पण कुठलंही ॲसिड आणि ब्लीच कधी एकत्र करू नये, क्लोरीन सुटतो.

थर धरण्याचं आणखी एक कारण म्हणजे लोक पाच-सहा दांडे मारून उठतात. ३८ मिलिमीटरच्या एक मीटर नळीत लिटरभराहून थोडं जास्त पाणी मावतं. डॉक्टरांची नळी तीन मीटर, म्हणजे साडेतीन लिटर पाणी ढकललं तरच ती साफ होते. आता हिशेब करा: नीट वापरणाऱ्याची पंचेचाळीस लिटरची टाकी बारा-तेरा वेळांत भरते. चार माणसं शनिवार-रविवार होडीवर राहिली की संपलं. जो काळजीने वापरतो, त्यालाच टाकी उपसायची गरज सर्वांत आधी पडते.

मोठ्या जहाजांना मार्पोलचा, म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. प्रक्रिया न केलेला मैला जवळच्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, तोही जहाज किमान ४ नॉटने, म्हणजे ताशी ४ सागरी मैल वेगाने चालत असताना, हळूहळू सोडायचा. किनाऱ्यावर मैला देण्याच्या फ्लँजचंही, म्हणजे पाइप जोडायच्या चकतीचंही माप ठरलेलं आहे: बाहेरचा व्यास २१० मिलिमीटर. पण हा नियम आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ४०० टनांवरच्या किंवा पंधराहून जास्त माणसं नेणाऱ्या जहाजांना लागू. डॉक्टरांची होडी त्यात बसत नाही. आणि आमच्याकडे ‘बाहेर’ म्हणजे बारा मैल नव्हे, बंदराचं तोंड. तिथे सोडलेलं भरती परत आत आणते.

ठाणे खाडीचा फ्लेमिंगो पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. माझा भाऊ अजून खाडीत जाळं टाकतो. गावातल्या बायका ओहोटीला कालवं फोडतात, शिवल्या काढतात. हे जीव पाणी गाळून जगतात, पाण्यातला मैलाही त्यांच्यात साठतो, आणि ते आमच्या ताटात येतात. शहरांच्या नाल्यांपुढे दोन-चार होड्यांचं काय घेऊन बसलात, असं मला ऐकवलं जातं. नाले बंद व्हायलाच हवेत. पण आता होड्या वाढणार आहेत, कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ आहे, आणि जेट्टीचं काँक्रीट ओतून झाल्यावर मैल्याची पाइपलाइन कुणी टाकत नाही.

एक डायाफ्राम पंप, दीड इंची तोंडाचा लांब पाइप, आणि जेट्टीपासून शहराच्या मलवाहिनीपर्यंत जोडणी, एवढंच लागतं. नव्या प्रत्येक जेट्टीच्या आराखड्यात हे घालावं. बेलापूरसारख्या तयार जेट्टीवर निदान आठवड्यातून एकदा टँकर उभा करावा. टँकरचा पाइप होडीच्या तोंडाला बसत नाही, मध्ये अडॅप्टर लागतो. तो मी स्वतः बनवून देईन, पैसे घेणार नाही.

आपला,
एक निवृत्त जहाज फिटर
दिवाळे गाव, बेलापूर, नवी मुंबई