तालुक्याच्या गावी ताजी फुले मागवताना

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खानदेशातल्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी आज पुणे, नाशिक, सुरत नाहीतर मुंबईला नोकरीनिमित्त राहते. आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस, बहिणीचे डोहाळजेवण, वडीलधाऱ्यांचे वर्षश्राद्ध अशा प्रसंगी स्वतः येता आले नाही, तर निदान फुले तरी वेळेवर पोहोचावीत, अशी या मंडळींची मनापासून इच्छा असते. ही गरज ओळखून अनेक संकेतस्थळे आणि ॲप पुढे आली आहेत. पिनकोड टाकला की ‘सेवा उपलब्ध’ असे उमटते आणि पैसे आगाऊ घेतले जातात. परंतु चोपडा, पारोळा, बोदवड, शिंदखेडा, तळोदा यांसारख्या गावांत ती फुले कोण, कुठून आणि कशी नेऊन देणार, याचा तेथे चकार शब्द नसतो. यात लोकांचे पैसे जातात आणि त्याहून वाईट म्हणजे प्रसंग हुकतो, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

अशी मागणी नोंदवल्यावर पुढे बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर फुलांचे खोके मोठ्या शहरात बांधून कुरिअरने रवाना होते, जिल्ह्याच्या गोदामात उतरते आणि तेथून तालुक्याकडे निघणाऱ्या गाडीत इतर सामानाबरोबर जागा मिळेल तसे चढते. आमच्या चोपड्याला तर रेल्वेही नाही; सुरत–भुसावळ मार्गावरचे धरणगाव किंवा अमळनेर हीच जवळची स्थानके, त्यामुळे शेवटचा टप्पा रस्त्यानेच पार करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात संकेतस्थळ स्वतः काहीच पाठवत नाही. आदल्या संध्याकाळी, कधी कधी तर त्याच सकाळी, ते गावातल्या एखाद्या फुलवाल्याचा क्रमांक शोधून त्याला फोन करते, ग्राहकाने भरलेल्या रकमेतून आपला वाटा आधी काढून घेते आणि उरलेल्या पैशांत चित्रात आहे तसा बुके करून द्यायला सांगते. चित्रात ऑर्किड आणि कार्नेशन असतात. ती फुले आमच्या बाजारात रोज येत नाहीत आणि आली तरी त्या पैशांत परवडत नाहीत. फुलवाला ‘नाही’ म्हणाला, तर ग्राहकाला सायंकाळी मागणी रद्द झाल्याचा संदेश मिळतो. ‘हो’ म्हणाला, तर मोजके गुलाब आणि भोवती भरपूर हिरवा पाला घरी पोहोचतो, आणि त्याचा दोष पाठवणारा गावातल्या फुलवाल्याला देतो. हे मला आमच्या बाजारपेठेत पिढीजात फुलांचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थांनी समजावून सांगितले. असे फोन आता ते घेतच नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला गेल्या मे महिन्यात पन्नास वर्षे झाली, तेव्हा भाच्याने पुण्याहून अशाच एका संकेतस्थळावर गुलाब आणि जरबेरा यांचा मोठा गुच्छ नोंदवला होता. सकाळी अकरापर्यंत फुले येतील, असे पावतीवर लिहिलेले होते. तो दिवस वाट पाहण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी कुरिअरवाल्याचा फोन आला की पत्ता सापडत नाही, येऊन खोके घेऊन जा. मी ते स्वतः उघडून पाहिले. सेलोफेनच्या आतल्या बाजूस वाफेचे थेंब साचले होते, जरबेराचे देठ फुलाच्या अगदी लगत मोडून माना खाली गेल्या होत्या, गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या कडेने तपकिरी पडून बोट लावताच सुटत होत्या, आणि ज्या हिरव्या स्पंजात देठ खोचले होते तो कोरडाठाक होता. तक्रार केली तेव्हा, फुले नाशवंत असल्याने परतावा मिळत नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. बहिणीने त्यातला एकही देठ टाकला नाही, भाच्याने पाठवलेले म्हणून संध्याकाळपर्यंत पाण्यात ठेवला, हे पाहून मला अधिकच वाईट वाटले.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, आणि म्हणूनच संताप येतो. कापलेल्या गुलाबाला साठवणीत २ ते ४ अंश तापमान लागते. मे महिन्यात जळगाव–भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि बंद गाडीत त्याहून अधिक. त्यात चोपडा, यावल, रावेर हा केळीचा मुलूख. पिकू लागलेल्या केळीतून इथिलीन वायू सुटतो आणि या वायूने गुलाब, कार्नेशन यांसारखी फुले वेळेआधी मलूल होतात, पाकळ्या गळू लागतात. फळांच्या टेम्पोत किंवा पिकवण केंद्राशेजारच्या गोदामात फुलांचे खोके रात्रभर राहिले, तर वरून कितीही सुबक वेष्टन असले तरी उपयोग नाही. पैसे घेणाऱ्याने हे जाणून घेणे बंधनकारक नाही काय?

‘नाशवंत वस्तूला परतावा नाही’ असे सांगितले म्हणून वाचकांनी गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल, जाहिरातीत दाखवली तशी नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचली असेल, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीसारख्या, कोणाच्याच हातात नसलेल्या कारणांचा तेवढा अपवाद आहे. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. जे संकेतस्थळ दुसऱ्या विक्रेत्यांचा माल विकते, त्याने त्या विक्रेत्याच्या व्यवसायाचे नाव, पत्ता आणि संपर्क क्रमांक दाखवला पाहिजे, असेही हेच नियम सांगतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तरतूद हीच आहे. फुले चोपड्याच्या कोणत्या दुकानातून निघणार हे पैसे भरण्यापूर्वी दिसले असते, तर भाच्याने सरळ त्या दुकानालाच फोन केला असता. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. मात्र मागणीची नोंद, पावती आणि खोके उघडतानाची छायाचित्रे जपून ठेवावीत.

आता मुख्य मुद्दा. तालुक्याच्या गावी घरपोच फुले ही काही संकेतस्थळांनी आणलेली नवलाई नाही. आमच्याकडे फुलपुडीचा रतीब कैक वर्षांपासून चालत आला आहे. उजाडण्यापूर्वी सायकलवरून येणारा माणूस केळीच्या पानात बांधलेली, केळीच्याच खोडाच्या सोपाच्या धाग्याने आवळलेली पुडी दाराच्या कडीला अडकवून जातो, आणि त्याचे पैसे महिन्याला चुकते होतात. त्या पुडीतले झेंडू, शेवंती, गलांडा, निशिगंध आसपासच्या खेड्यांतून पहाटे खुडून आलेले असतात. ओल्या गोणपाटाखाली किंवा केळीच्या पानात फूल दिवसभर टवटवीत राहते, हे या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही. लांब देठाचे गुलाब आणि जरबेरा मात्र बाहेरून येतात, दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडी–जानोरीकडून किंवा पुण्याजवळच्या तळेगाव दाभाड्याहून, आणि रात्रीच्या गाडीने निघून सकाळी फुलवाल्याच्या हाती पडतात. तो लगेच देठ तिरपे कापून बादलीत उभे करतो. म्हणजे ताजे फूलही गावात आहे, घर ओळखणारा माणूसही गावात आहे. बाहेरगावच्या ग्राहकाला त्याच्यापर्यंत नेणारी वाट तेवढी नाही, आणि ती अडवून मधला माणूस पैसे घेत आहे.

म्हणून बाहेरगावी राहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी घरच्यांकडून किंवा शेजाऱ्यांकडून गावातल्या फुलवाल्याचा मोबाइल क्रमांक मिळवून ठेवावा आणि त्यालाच दोन दिवस आधी फोन करावा. ‘या फोटोसारखा’ असे न सांगता ‘परवा तुमच्याकडे काय चांगले असेल’ असे विचारावे. मे महिन्यात मोगऱ्याचे गजरे आणि निशिगंधाच्या काड्या जशा मिळतील तसा गुलाब मिळणार नाही. शेवंती थंडीत पाहावी. पत्त्याबरोबर ओळखीची खूण आणि शेजारच्या घरातल्या कोणाचा तरी क्रमांक द्यावा, कारण आमच्या गल्ल्यांना नावापेक्षा मारुती, पार आणि पिठाची गिरणी यांवरून लोक ओळखतात. उन्हाळ्यात वेळ सकाळी नऊच्या आतली किंवा दिवेलागणीची ठरवावी. फुले निघण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र मागवून मग यूपीआयने पैसे पाठवता येतात. आखाजी (अक्षय्य तृतीया), नागपंचमीनंतरचा कानबाई देवीचा रविवार, गणपती, दसरा, लक्ष्मीपूजन आणि दाट लग्नतिथीचे दिवस मात्र वेगळे धरावेत. त्या वेळी गावातल्या मागणीलाच फुले पुरत नाहीत आणि भाव सकाळ–संध्याकाळ बदलतो, तेव्हा आठवडाभर आधी सांगून काही रक्कम आगाऊ द्यावी.

कोणाच्या अंत्यदर्शनाला येता येत नाही म्हणून परदेशातून हार सांगणारी मुले आता गावोगावी आहेत. तो हार दुसऱ्या दिवशी आला, तर परतावा देऊन काय भरून येणार आहे? अशा प्रसंगी तरी कोणीही संकेतस्थळावर विसंबू नये. थेट फोन करावा, गावातला माणूस अर्ध्या तासात हार घेऊन उभा राहतो.

आमच्या फुलविक्रेत्या बांधवांनाही दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हाराच्या मागच्या बाजूस कालची फुले ओवणे, शिळ्या शेवंतीवर पाणी मारून ती ताजी म्हणून देणे, फोनवर एक भाव ठरवून सणाच्या सकाळी दुसरा सांगणे, हे प्रकार सर्रास नसले तरी होतात, आणि गिऱ्हाईक समोर नसले की त्यांचा मोह वाढतो. बाहेरगावचा ग्राहक एकदा फसला की तो पुन्हा त्याच संकेतस्थळाकडे जातो. दुकानावर मोठ्या अक्षरांत मोबाइल क्रमांक, हार, गजरा आणि गुच्छ यांचे त्या आठवड्याचे दर, आणि घरपोच नेण्याचे वेगळे पैसे असतील तर तेही, एवढे लिहून ठेवले तरी पुष्कळ काम होईल. प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा ताज्या फुलांशेजारीच टांगू नयेत, असेही मला वाटते. त्यांनी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचेच नुकसान होते.

नगरपालिकांकडे मागणे एकच आहे. अनेक गावांत फुलवाले भर उन्हात रस्त्याच्या कडेला पाटी टाकून बसतात. त्यांना बाजारपेठेत एका बाजूस छप्पर आणि नळ असलेली जागा मिळाली, तर दुपारी बारानंतर फेकून द्यावा लागणारा माल संध्याकाळच्या मागणीपर्यंत टिकेल.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. केळी आणि कापसाचे भाव आपण नियमाने छापता. त्याच रकान्यात झेंडू, शेवंती, निशिगंध आणि गुलाब यांचे तालुकानिहाय भाव आठवड्यातून एकदा तरी द्यावेत, आणि कानबाई, दसरा व लगीनसराईच्या आधी ते रोज यावेत. पुण्यात बसलेल्या माणसाला ते भाव मोबाइलवर वाचता येतील आणि चोपड्याच्या फुलवाल्याशी बोलताना दोघांच्याही समोर एकच आकडा असेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)