‘कारण अज्ञात’ म्हणे!

महोदय,

रविवारच्या आरोग्य पुरवणीतील ‘अँजिओसार्कोमा’वरचा लेख वाचला. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या या दुर्मीळ कर्करोगावर डॉक्टरसाहेबांनी सोप्या मराठीत लिहिले, त्याबद्दल आभार. बऱ्याच रुग्णांत कारण सापडत नाही, हेही मान्य. पण ‘कारण अज्ञात’ म्हणून हात झटकायचे आणि वर ‘प्लास्टिकच्या डब्यात गरम अन्न ठेवू नका’ असा सल्ला? माझे दाजी डब्याने गेले नाहीत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते पीव्हीसी या पाइपांच्या प्लास्टिकच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टर साफ करत, म्हणजे व्हिनाइल क्लोराइड वायूपासून ते प्लास्टिक बनवण्याच्या टाक्या. आत उतरून भिंतींना चिकटलेला थर छिन्नीने खरवडायचा. उरल्यासुरल्या त्या वायूने डोके हलके व्हायचे, त्यावरून आपसांत थट्टाही चाले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी यकृतात हीच गाठ निघाली. रुग्णालयात जो तो ताईला विचारी, ‘दारू किती घ्यायचे?’ माळकरी माणूस हो! केसपेपरवर व्यवसाय : ‘निवृत्त’. झाले, चौकशी संपली.

अमेरिकेत केंटकीतल्या लुइव्हिलच्या गुडरिच कारखान्यात असेच पीव्हीसीचे कामगार यकृताच्या याच कर्करोगाने दगावल्याचे जानेवारी १९७४ मध्ये जाहीर झाले. हे ओळखले कारखान्याच्याच डॉक्टरांनी, जॉन क्रीच यांनी. मग तिथली हवेतल्या वायूची मर्यादा दहा लाख भागांत ५०० वरून अखेर १ वर आली. केसांच्या स्प्रेमध्येही तोवर हाच वायू भरत असत! (घरातल्या पाइपांना घाबरू नये; धोका पाइप बनण्याआधीच्या वायूचा.)

आपल्याकडे काहीच नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८९ नुसार आजी वा माजी कामगाराला व्यवसायजन्य कर्करोग झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकांना कळवायचे असे (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली). न कळवल्यास दंड हजार रुपयांपर्यंत असे. एवढ्यात हल्ली सोनोग्राफीही होत नाही. पण कळवणार कोण? ‘पूर्वी काम काय करत होता?’ हे आधी विचारायला तर हवे!

जाता जाता : गेल्या खेपेला माझ्या पत्राचा नेमका मधला परिच्छेद उडवून आपण शेजारी केशतेलाची जाहिरात छापली होती. या वेळी जागा कमी पडलीच तर ते सुरुवातीचे आभार कापावेत.

– एक जुना वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)